कशावरून? – भूमितीची सिद्धता आणि आपली मुलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते आपल्या सोसायटीचे सभासद असून माध्यमिक शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत.)



कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी ‘सिद्धता’ असं सांगितलं. त्यावर एक सभासद म्हणाले, ‘सर, लोक जेवणाला थांबतील, पण भूमितीला थांबतील का?’ म्हणून जेवण नंतर ठेवलं आहे. तरी काळजी करू नका, मी फळा आणलेला नाही. विषय नववी-दहावीच्या मुलांचा आहे. पण त्यांच्या आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनीही ऐकावा असं मला वाटतं. कारण सिद्धता शिकवायचं अर्धं काम शाळेत होतं आणि उरलेलं अर्धं घरात होऊ शकतं.

तुमच्यापैकी ज्यांनी मराठी माध्यमातून दहावी केली, त्यांना चार शब्द आठवत असतील. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. वहीत उभी रेघ मारायची किंवा ओळीपुढे टिंबं द्यायची आणि कंसात कारण लिहायचं. ‘सामाईक बाजू’, ‘विरुद्ध कोन’, ‘बाकोबा कसोटी’. हे बाकोबा आणि कोबाको अनेकांना अजून पाठ आहेत. पण ते कशासाठी होतं, असं विचारलं तर बहुतेक जण हसतात. त्या हसण्यातच माझं आजचं व्याख्यान आहे.

आठवीपर्यंत मुलं भूमितीत काय करतात? कंपासपेटी काढतात, आकृती काढतात, पट्टीने आणि कोनमापकाने मोजतात. मोजलं की उत्तर मिळतं. नववीत आपण अचानक सांगतो, ‘आता मोजायचं नाही, सिद्ध करायचं.’ नियम बदलला, पण का बदलला हे सांगायचं राहून जातं. मग वर्गात एखादं मूल उभं राहून विचारतं, ‘सर, दोन्ही कोन सारखे आहेत हे आकृतीत दिसतंच आहे. मग सिद्ध कशाला करायचं?’ फार चांगला प्रश्न आहे. पण बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘पेपरात येतं म्हणून.’ तिथे त्या मुलाची भूमिती संपते आणि पाठांतर सुरू होतं.

या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्या सोसायटीतले लोक शिक्षकांपेक्षा चांगलं देऊ शकतील. आपल्यातले कितीतरी जण चाकणला, भोसरीला, मरकळ रोडच्या कारखान्यांत काम करतात. क्वालिटी विभागातले लोक इथे बसले आहेत. त्यांना विचारा, व्हर्नियरने पार्ट मोजला तर नेमकं माप मिळतं का? नाही. ड्रॉइंगवर टॉलरन्स दिलेला असतो, कारण मोजमाप नेहमी थोडं इकडे-तिकडे असतं. वर्गात चाळीस मुलांनी त्रिकोणाचे तीन कोन मोजून बेरीज केली तर कोणाची १७९ येते, कोणाची १८१. मग १८० खरं कशावरून? मोजून ते कधीच ठरणार नाही. आणि जगातले सगळे त्रिकोण कोण मोजणार?

दुसरी गोष्ट सॅम्पलिंगची. समजा लॉटमधले चाळीस नग तपासले आणि चाळीसही ओके निघाले. एक्केचाळिसावा ओके असेलच का? गणितात याचं सुंदर उदाहरण आहे. कागद-पेन असेल तर घरी करून बघा. एक संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि मग ४१ मिळवा. १ घेतला तर ४३ येतात, २ घेतला तर ४७, ३ घेतला तर ५३. सगळ्या मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. पुढे जात राहा. ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते. माणूस म्हणेल, झालं, हा नियमच आहे. आणि ४० घेतल्यावर येतात १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. नियम मोडला. अठराव्या शतकातल्या ऑयलर या मोठ्या गणितज्ञाच्या नावाने हे उदाहरण ओळखलं जातं. मुलांना सिद्धता शिकवायच्या आधी हे एक उदाहरण करायला दिलं, तरी ‘सिद्ध कशाला करायचं’ हा प्रश्न निम्मा सुटतो.

आता त्रिकोणाकडे येऊ. खालच्या वर्गात मुलं कागदाचा त्रिकोण कापतात, त्याचे तीन कोपरे फाडतात आणि शेजारी-शेजारी ठेवतात. तिन्ही मिळून सरळ रेघ होते. मुलांना मजा वाटते. पुढे नववीत हेच प्रमेय येतं. पक्ष: अबक हा त्रिकोण आहे. साध्य: तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. आणि लगेच रचना: ‘अ बिंदूतून बक बाजूला समांतर रेषा काढा.’

इथे मूल गोंधळतं. ही रेषा आली कुठून? अ मधूनच का? समांतरच का? पुस्तकात ती जादूगाराच्या टोपीतून सशासारखी निघते. मूल मनात म्हणतं, ‘हे मला कधीच सुचलं नसतं, म्हणजे माझं डोकं गणिताचं नाही.’ खूप हुशार मुलं याच जागी गणिताचा हात सोडतात, म्हणून या जागेवर मी जरा थांबणार आहे.

ती रेषा कागदाच्या त्याच फाडलेल्या कोपऱ्यांतून आली आहे. आपण तेव्हा काय केलं होतं? तिन्ही कोन एका ठिकाणी आणले होते. आता कागद न फाडता तेच करायचं आहे. अ चा कोन अ पाशी आहेच. ब आणि क चे कोन उचलून अ पाशी आणायचे आहेत. कोन न मोजता एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा नेता येतो? समांतर रेषा आणि छेदिका असली की व्युत्क्रम कोन सारखे असतात, हे आपण आधीच्याच धड्यात शिकलो आहोत. म्हणून अ मधून समांतर रेषा काढली. डाव्या बाजूला ब चा कोन आला, उजव्या बाजूला क चा आला, मध्ये अ चा होताच. तिन्ही मिळून सरळ रेषेचा कोन, म्हणजे १८० अंश. संपलं. आणि हे जगातल्या प्रत्येक त्रिकोणाला लागू आहे, कारण आपण अबक बद्दल तो त्रिकोण आहे याखेरीज काहीच गृहीत धरलं नाही.

शिक्षकांनी एवढं सांगितलं की रचना जादू राहत नाही. पण त्यासाठी एक गोष्ट मुलांना उघड सांगावी लागते. सिद्धता वहीत वरून खाली लिहिलेली असते, पण ती सुचते बहुतेक वेळा खालून वर. आपण साध्यापासून सुरुवात करतो. ‘हे दोन कोन सारखे दाखवायचे आहेत. त्यासाठी काय मिळालं तर पुरेल? हे दोन त्रिकोण एकरूप झाले तर पुरेल. त्यासाठी काय हवं? दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन. माझ्याकडे काय आहे? एक बाजू पक्षात दिली आहे, एक सामाईक आहे. राहिला कोन.’ असं कच्चं काम आधी होतं. मग ते उलटं करून नीट लिहितात. फळ्यावर मात्र मुलांना फक्त नीट लिहिलेलं रूप दिसतं. स्वयंपाक कसा केला ते न दाखवता वाढलेलं ताट दाखवावं, तसं ते होतं.

आता कंसातल्या कारणांबद्दल. आपण आळंदीत राहतो, त्यामुळे हे समजायला आपल्याला सोपं आहे. वारकरी कीर्तन तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतात. एखादं विधान केलं की तेवढ्यावर थांबत नाहीत. ‘प्रमाण’ म्हणून संतांचं दुसरं वचन देतात आणि मागचे टाळकरी ते उचलून धरतात. १९१७ साली जोग महाराजांनी इथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथे शिकून तयार झालेल्या कीर्तनकाराकडून श्रोत्यांची अपेक्षाच असते की बोलण्याला आधार हवा. भूमितीतला कंस म्हणजे तेच प्रमाण. फरक एवढाच की तिथे संतवचनाचा आधार असतो आणि इथे आधी सिद्ध झालेल्या प्रमेयाचा. कीर्तनकार आणखी एक गोष्ट वापरतात, ती म्हणजे दृष्टांत. ज्ञानेश्वरी तर दृष्टांतांची खाण आहे. दृष्टांताने गोष्ट समजते, मनात ठसते. कागद फाडून कोपरे जोडणं हा दृष्टांत आहे. समांतर रेषा काढून दाखवणं ही सिद्धता आहे. मुलांना दोन्ही हवेत, आणि दोन्हींतला फरकही कळायला हवा.

कोणी विचारेल, प्रमेयाला आधार आधीच्या प्रमेयाचा, त्याला त्याच्या आधीच्या प्रमेयाचा, मग हे थांबतं कुठे? बरोबर प्रश्न आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘असं का?’ विचारत गेलं की शेवटी आपण उपविधींपाशी येऊन थांबतो ना? भूमितीचे उपविधी म्हणजे गृहीतकं. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ती आधी मांडली आणि मग सगळी इमारत त्यांच्यावर चढवली.

आता परीक्षेबद्दल थोडं बोलतो. २०१७ पासून नववीला आणि २०१८ पासून दहावीला सध्याची पुस्तकं आली. दहावीचा भूमितीचा पेपर ४० गुणांचा. त्यात ‘कृती पूर्ण करा’ असे प्रश्न असतात. सिद्धता छापलेली असते, मध्ये रिकाम्या चौकटी, त्या भरायच्या. अशा कृतींना ७ गुण आहेत. मी या चौकटींच्या विरोधात नाही. ज्या मुलाला कोरा कागद बघूनच घाम फुटतो, ते निदान सिद्धता वाचायला लागतं, त्याला चार गुण मिळतात, धीर येतो. अडचण पुढे आहे. चौकटीत कोणतं विधान कुठे यावं, हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं. मुलाने फक्त शब्द भरायचा असतो. सायकल शिकवताना मागून धरणं चांगलंच, पण कधीतरी हात सोडायला हवा. घरी याची चाचणी सोपी आहे. मुलाने पाठ केलेलं प्रमेय घ्या, आकृतीतली अक्षरं बदला आणि आकृती थोडी फिरवून काढा. ज्याला समजलं आहे त्याला काही फरक पडत नाही. ज्याने पाठ केलं आहे ते अडखळतं. अडखळलं तर रागावू नका, फक्त ओळखा की काम कुठे बाकी आहे.

मुलांच्या सिद्धतांमध्ये दोन चुका वारंवार दिसतात. त्या मोठ्यांच्या बोलण्यातही असतात, म्हणून सांगतो.

पहिली चूक, जे सिद्ध करायचं तेच कारण म्हणून देणं. ‘हे कोन समान आहेत, कारण त्रिकोण एकरूप आहेत. आणि त्रिकोण एकरूप आहेत, कारण हे कोन समान आहेत.’ हसू नका. ‘ही पार्किंगची जागा माझी आहे. कशावरून? कारण मी रोज इथेच गाडी लावतो. रोज इथेच का लावता? कारण जागा माझी आहे.’ असा युक्तिवाद आपण कधीच ऐकला नाही, असं इथे कोणी म्हणेल का?

दुसरी चूक, विधान आणि त्याचा व्यत्यास एकच समजणं. आपल्या टेरेसवरच्या टाकीचं उदाहरण घेऊ. ऑटोमॅटिक सिस्टीम नीट चालत असेल, तर टाकी भरली की पंप बंद होतो. हे खरं. आता पंप बंद आहे, म्हणून टाकी भरलेली आहे, असं म्हणता येईल का? लाईट गेलेली असू शकते. मोटर जळलेली असू शकते. खालच्या टाकीत पाणीच नसेल. असा निष्कर्ष काढून अंघोळीला गेलेल्या माणसाचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

काही वेळा विधान आणि व्यत्यास दोन्ही खरे असतात, पण ते दोनदा सिद्ध करावे लागतात. आपल्या इमारतीसारख्या कोणत्याही बांधकामात लाइनआउट करताना मिस्त्री काय करतो? कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. आपण म्हणतो, हे पायथागोरसचं प्रमेय. पण पायथागोरसचं प्रमेय सांगतं की काटकोन असेल तर बाजूंचं नातं असं असतं. मिस्त्रीला काटकोन माहीत नाही, तोच तर त्याला मिळवायचा आहे. बाजूंच्या नात्यावरून तो काटकोन ठरवतो. म्हणजे त्याच्या कामी येतो तो व्यत्यास. दहावीच्या पुस्तकात तो वेगळं प्रमेय म्हणून दिलेला आहे आणि त्याची सिद्धताही वेगळी आहे. ‘एकदा सिद्ध केलं, पुन्हा कशाला?’ असं विचारणाऱ्या मुलाला ही दोरी दाखवा.

काही जणांना वाटतं की ही सिद्धतेची पद्धत बाहेरून आली, आपल्याकडे फक्त सूत्रं होती. तसं नाही. आपल्याकडे तिला उपपत्ती म्हणत. पक्ष, साध्य, दृष्टांत हे शब्दही आपल्या न्यायशास्त्रातले जुने आहेत. तिथे त्यांचे अर्थ थोडे वेगळे असले तरी घराणं तेच. बाराव्या शतकातले भास्कराचार्य, लीलावतीचे कर्ते, यांनी सिद्धान्तशिरोमणीत उपपत्ती कशाला हवी याची दोन कारणं सांगितली आहेत. त्यांचा आशय असा, की उपपत्तीशिवाय गणिताला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मनातली शंकाही जात नाही. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. त्या नातवाचं नाव चांगदेव. आपल्या आळंदीकरांना लगेच भिंत आठवेल, पण हे चांगदेव वेगळे.

भास्कराचार्यांनी दिलेलं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सभेत मान मिळणं म्हणजे आजच्या भाषेत परीक्षकाने गुण देणं. तेवढंच आपण मुलांना शिकवतो. स्वतःची शंका जाणं हे शिकवायचं राहतं. ज्या मुलाला ‘हे मला कोणी सांगितलं म्हणून नाही, मी पाहिलं म्हणून पटलं’ हा अनुभव एकदा आला, ते पुढे कुठेही गेलं तरी वेगळं वागतं. कारखान्यात बिघाड झाला की व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिसचा कागद भरतात. त्यात पाच वेळा ‘का’ विचारायचं असतं. बरेच कागद पहिल्याच ओळीत ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ लिहून संपतात. मग बिघाड पुन्हा होतो आणि बोलणी त्या ऑपरेटरला बसतात. चौकट भरायची सवय लागलेला माणूस तिथेही चौकटच भरतो. मोबाईलवर आलेला मेसेज पुढे पाठवणाराही तसाच. भूमिती विसरली तरी चालेल, पण ‘कशावरून?’ हा प्रश्न विसरला तर महाग पडतं.

आता काय करायचं ते थोडक्यात सांगतो.

मुलांनो, प्रमेय पाठ करायच्या आधी पुस्तक मिटा, फक्त पक्ष आणि साध्य लिहा आणि पाच मिनिटं स्वतः झटापट करा. जमलं नाही तरी चालेल. पाच मिनिटं झगडल्यावर वाचलेली सिद्धता डोक्यात राहते. कच्च्या कामाला वेगळी वही ठेवा आणि ती कोणाला दाखवायची नाही असं ठरवा. सिद्धता झाली की धाकट्या भावंडाला किंवा आजीला सांगा. आजीने ‘असं का गं?’ विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं, म्हणजे झालं.

आई-बाबांनो, तुम्हाला भूमिती येत नसली तरी ‘कशावरून?’ एवढा एक शब्द पुरेसा आहे. मूल काही सांगत असलं की प्रेमाने विचारा. अट एकच. मुलाने तुम्हाला उलट ‘कशावरून?’ विचारलं तर ‘मोठ्यांना उलट बोलतोस?’ असं म्हणू नका. ज्या घरात प्रश्न विचारलेला चालत नाही, त्या घरातल्या मुलाला सिद्धता शिकवणं शिक्षकाला फार जड जातं.

आणि आपल्या सोसायटीत निवृत्त शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत, कॉलेजात शिकणारी मुलं आहेत. रविवारी सकाळी तासभर हे सभागृह रिकामंच असतं. नववी-दहावीच्या मुलांसाठी तिथे बसता येईल. क्लास नको, फी नको, चाचणी नको. आठवड्याला एकच प्रश्न घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याच्याशी झटायचं. मी माझं नाव आत्ताच देतो. बाकीच्यांनी खाली जाताना नोटीस बोर्डाखाली ठेवलेल्या वहीत नाव लिहावं.

पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी सोसायटी रजिस्टर केली, कागदपत्रं गोळा केली, पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी हेलपाटे घातले, त्या सगळ्यांना वंदन करतो. त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्यांची नातवंडं मात्र इथे समोर सतरंजीवर बसलेली दिसत आहेत, आणि दोन-तीन जण मघापासून बोटांनी हवेत त्रिकोण काढत आहेत. त्यांना एवढंच सांगतो, रविवारी या.